गाडी थांबली आणि कोणी काही सांगत नाही

२२ जानेवारी २०२५. दुपार कलली होती. लखनौहून मुंबईकडे निघालेली पुष्पक एक्सप्रेस जळगाव मागे टाकून पाचोऱ्याच्या अलीकडे, माहेजी आणि परधाडे या दोन स्थानकांच्या मध्ये थांबली. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती आणि कोणीतरी साखळी ओढली होती. घाबरलेली माणसे भराभर खाली उतरून शेजारच्या रुळावर उभी राहिली. त्याच रुळावरून बेंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस समोरून आली. किमान बारा जण जागच्या जागी गेले. पुष्पकच्या इंजिनावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा लागलेला होता, कर्नाटकच्या चालकाने ब्रेकही लावले, पण तिथे रुळाला वळण आहे आणि भरधाव गाडी थांबायला अंतर कमी पडले, असे रेल्वेने नंतर सांगितले.

आग नव्हतीच. पण हे डब्यातल्यांना कोण सांगणार? आपल्या भागातल्या बहुतेक मेल-एक्सप्रेस गाड्यांच्या डब्यांत चालक किंवा गार्ड प्रवाशांशी बोलू शकेल असा ध्वनिक्षेपक नसतो. इंजिनात काय ठाऊक आहे ते सोळाव्या डब्यात कळत नाही. तिथे कळते ते शेजारच्याने सांगितलेले, त्याला त्याच्या शेजारच्याने सांगितलेले. परधाड्याचे दुःख खानदेशाला विसरता येणार नाही. म्हणून हा लेख मी सूचना म्हणून लिहितो आहे, तुमच्या घरातल्या जळगाव-भुसावळ-चाळीसगाव अप-डाऊन करणाऱ्या प्रत्येकासाठी.

पहिली गोष्ट जिवाची. गाडी दोन स्थानकांच्या मध्ये थांबली तर खाली उतरू नका. पाय मोकळे करायलाही नाही, काय झाले ते बघायलाही नाही. डब्यात खरोखर धूर दिसत असेल तर आधी आतल्या दाराने शेजारच्या डब्यात सरका. गाडीच्या चाकांचे ब्रेक घासले की जळल्याचा वास येतो, ठिणग्याही उडतात. वास आला म्हणजे आग लागली असे नाही. तरीही उतरण्यावाचून गत्यंतर नसेल तर कोणत्या बाजूने उतरायचे हे आधी ठरवा. दुहेरी मार्गावर आपली गाडी डावीकडच्या रुळावरून धावते, म्हणजे गाडी ज्या दिशेने चालली आहे तिकडे तोंड केले की समोरून येणाऱ्या गाडीचा रूळ उजव्या हाताला असतो. म्हणून डावी बाजू. पण भुसावळ, जळगाव, मनमाड या पट्ट्यात आता तिसऱ्या-चौथ्या मार्गाची कामे झाली आहेत किंवा चालू आहेत, तेव्हा डाव्या हातालाही रूळ असू शकतो. दारातून आधी वाकून बघा, मगच पाऊल टाका, आणि उतरलात की रुळांपासून लांब, शेताच्या कडेला जाऊन उभे राहा. विनाकारण साखळी ओढणे हा रेल्वे अधिनियमाच्या कलम १४१ खाली गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होतो. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की ओढलेल्या साखळीने गाडी आडरानात थांबते, आणि आडरानात मदत पोचायला वेळ लागतो.

मग डब्यात बसून करायचे काय? खिडकीतून विजेच्या तारांचे खांब दिसतात, त्यांच्याकडे बघा. प्रत्येक खांबावर आकड्यांची छोटी पाटी असते. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधला खांबाचा. हा त्या जागेचा नेमका पत्ता. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन लावून गाडीचा क्रमांक, डब्याचा क्रमांक आणि खांबावरचे दोन्ही आकडे सांगितले की पलीकडच्या माणसाला तुम्ही कुठे आहात हे विचारत बसावे लागत नाही. ‘पाचोऱ्याच्या जवळपास कुठेतरी’ या उत्तराने रुग्णवाहिका येत नाही. पूर्वीचा १८२ हा सुरक्षेचा क्रमांकही २०२१ पासून १३९ मध्येच मिळवला आहे, म्हणजे एकच क्रमांक पाठ असला तरी पुरतो. घरातल्या शाळकरी मुलांना ही खांबाची गोष्ट दाखवून ठेवा. मुले ती विसरत नाहीत आणि खिडकीची जागा बहुतेक त्यांचीच असते.

टीसी आरक्षित डब्यात भेटतो. जनरल डब्यात बहुतेक वेळा भेटत नाही. शेवटच्या डब्यात गार्ड असतो, त्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याच्याकडे चालकाशी बोलायला वॉकी-टॉकी असतो. गाडी स्थानकात उभी असेल आणि तुमचा डबा मागे असेल तर खरी माहिती मिळण्याची सगळ्यात जवळची जागा तीच.

आता स्थानकावर ताटकळणाऱ्यांविषयी. २०२५ च्या पहिल्या पाच महिन्यांतच आपल्या जळगाव जिल्ह्याने तीनदा हा अनुभव घेतला. जानेवारीत परधाडे. १४ मार्चला, धुळवडीच्या पहाटे, बोदवडजवळ धान्याचा ट्रक बंद फाटक तोडून रुळावर आला आणि मुंबई-अमरावती एक्सप्रेस त्याला धडकली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण मार्ग कित्येक तास अडकला. १५ मे रोजी अमळनेरजवळ मालगाडीचे डबे घसरले आणि सुरत-भुसावळ मार्ग ठप्प झाला. अशा दिवशी फलाटावर एकच प्रश्न शंभर तोंडांनी विचारला जातो. ‘गाडी काबर थांबनी?’ आणि ‘कव्हा येईल?’

दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर पहिल्या तासात बहुधा कोणाकडेच नसते. माहिती येण्याची वाट अशी आहे: घटनास्थळावरून भुसावळच्या नियंत्रण कक्षात, तिथून स्टेशन मास्तरकडे, त्याच्याकडून घोषणा करणाऱ्याकडे आणि शेवटी तुमच्या कानावर. शिरसोली, म्हसावद, माहेजी अशा लहान स्थानकांवर मास्तर, घोषणा करणारा आणि चौकशीची खिडकी हे सगळे एकच माणूस असतो. त्याच माणसाला त्या वेळी सिग्नल आणि पॉइंट सांभाळायचे असतात. त्याच्यावर ओरडून माहिती लवकर येत नाही. उलट त्याचे लक्ष जिथे असायला हवे तिथून निघते. मी रेल्वेची कैफियत मांडत नाही. माहिती देणारा स्वतंत्र माणूस अशा दिवशी लहान स्थानकावर का नसतो, हा प्रश्न मोठ्या साहेबांना विचारायचाच आहे. तो कुठे विचारायचा ते पुढे येईल.

पण मास्तरला विचारायचा प्रश्न बदला. ‘कधी येणार?’ याला तो अंदाज सांगतो, आणि अंदाज चुकला की राग वाढतो. त्याऐवजी विचारा, ‘गाडीने शेवटचे कुठले स्टेशन सोडले?’ ‘पुढची लाईन चालू आहे की बंद?’ ‘आमच्या गाडीच्या आधीच्या गाड्या कुठे उभ्या आहेत?’ ही तिन्ही उत्तरे त्याच्यासमोरच्या यंत्रावर किंवा फोनवर असतात. शेवटचे स्टेशन मनमाड असेल तर जळगावला दोन-अडीच तास धरा. पाचोरा असेल तर पाऊणएक तास, आणि पुढची लाईन बंद असेल तर घड्याळ न बघता दुसरा विचार सुरू करा.

मोबाईलवरचे अंदाजही असेच वाचायला शिकले पाहिजे. रेल्वेची अधिकृत एनटीईएस सेवा गाडीची शेवटची नोंद दाखवते आणि तिथून पुढची वेळ हिशेबाने काढते. पुष्कळ इंजिनांवर आता इस्रोच्या मदतीने केलेली उपग्रहाची यंत्रणा बसवली आहे, त्यामुळे ही नोंद पूर्वीपेक्षा ताजी असते. पण हिशेब करणाऱ्या यंत्राला पुढे ट्रक आडवा पडला आहे हे ठाऊक नसते. म्हणून ‘पोचण्याची वेळ’ या रकान्याकडे बघू नका, ‘शेवटची नोंद’ बघा. मुख्य मार्गावर वीस-पंचवीस मिनिटांत पुढच्या स्थानकाची नोंद आली नाही तर गाडी उभी आहे असे समजा. त्यानंतर तुमच्या गाडीच्या पुढे धावणाऱ्या दोन गाड्या बघा. त्याही उभ्या असतील तर मार्गच अडला आहे, तासाभराची तयारी ठेवा. त्या चालल्या असतील आणि फक्त तुमचीच थांबली असेल तर इंजिन बिघडले असेल, नाहीतर मागून येणाऱ्या वेगवान गाडीसाठी तुमची गाडी बाजूच्या लूप रुळावर घेतली असेल. असा थांबा सहसा लवकर संपतो. फलाटावरच्या नव्याण्णव जणांना हे सुचत नाही. तुम्हाला सुचले तर शेजारच्यालाही दाखवा.

खानदेशाची एक खास अडचण आहे आणि ती बाहेरच्याला समजत नाही. जळगाव स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. पण तिथून धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार असा सुरतकडे जाणारा मार्ग पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागाकडे आहे. म्हणजे अमळनेरला गाडी अडकली तर तिचा नियंत्रण कक्ष वेगळा, बातमीचे पत्रक वेगळे, समाजमाध्यमावरचे अधिकृत खातेही वेगळे. जळगावच्या फलाटावर दोन्हीकडच्या गाड्या येतात, पण एकीकडची खबर दुसरीकडे पोचेपर्यंत वेळ जातो. सुरत मार्गाने प्रवास करत असाल तर पश्चिम रेल्वेचे पत्रक बघा. पाचोरा, चाळीसगाव, मनमाडकडे जाणार असाल तर भुसावळ विभागाचे. तक्रार लिहितानाही हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिला आठवडा ‘हे आमच्याकडे येत नाही’ या उत्तरात जातो.

धुळेकरांचे दुखणे आणखी निराळे. धुळ्याची गाडी चाळीसगावहून येते, शिरूड, बोरविहीर करत, आणि धुळ्याला रूळ संपतो. मुख्य मार्गावर काही झाले की या फाट्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. मुंबईहून धुळ्याला येणारी गाडी ‘अंशतः रद्द’ म्हटली म्हणजे बहुधा ती चाळीसगावपर्यंतच आहे, पुढे तुमचे तुम्ही. चाळीसगाव ते धुळे रस्त्याने साठेक किलोमीटर, मेहुणबारे मार्गे एसटी आहे. रात्री उशीर होणार असे दिसले तर शेवटची एसटी किती वाजता आहे ते चाळीसगावला पोचण्याआधी फोन करून विचारा, पोचल्यावर नाही. सुरतेकडून येणाऱ्या धुळेकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नरडाणा स्थानक मुंबई-आग्रा महामार्गाला लागून आहे आणि तिथून धुळे तीसेक किलोमीटर. पुढचा मार्ग बंद असल्याची खात्री पटली तर नरडाण्याला उतरणे जळगावपर्यंत जाऊन अडकण्यापेक्षा शहाणपणाचे. जळगाव-धुळे सरळ रस्ताही एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटरचा आहे. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तो झाला की धुळ्याला दुसरे दार मिळेल. तोवर एसटीचा आगार हाच धुळेकराचा दुसरा फलाट.

रेल्वेच्या पत्रकातले शब्दही फसवे असतात. ‘रद्द’ सगळ्यांना कळते. ‘मार्गात बदल’ म्हणजे गाडी येणार आहे, पण तुमच्या गावावरून जाईलच असे नाही. जळगावहून चढायचे असेल आणि गाडी दुसऱ्याच मार्गाने वळवली असेल तर फलाटावर कितीही थांबून उपयोग नाही. ‘पुनर्निर्धारित’ म्हणजे गाडी सुरुवातीच्या स्थानकावरूनच उशिरा सुटणार. ‘नियंत्रित’ म्हणजे वाटेत मुद्दाम थांबवून ठेवणार. पत्रकात चाळीस मिनिटे लिहिली असली तर वाटेतल्या इतर गाड्यांमुळे ती तासावर जातात, हे धरून चाला. ब्लॉकची, म्हणजे कामासाठी मार्ग बंद ठेवण्याची, पत्रके दोन-चार दिवस आधी वर्तमानपत्रात येतात. ज्या घरातून रोज पास काढून कोणी जाते, त्या घराने रविवारचा अंक त्यासाठी वाचावा.

फलाट बदलल्याची घोषणा ऐनवेळी झाली तर धावू नका. १५ फेब्रुवारी २०२५ ला नवी दिल्ली स्थानकावर चेंगराचेंगरीत अठरा माणसे मेली. प्रयागराजच्या दोन गाड्यांची सारखी नावे ऐकून प्रवाशांचा गोंधळ उडाला, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडीचे नाव ऐकून हलू नका, क्रमांक ऐका. बरोबर म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल तर जिन्यावर घाई करण्यापेक्षा एक गाडी सोडून दिलेली बरी.

आता पैशांचे. आरक्षित तिकिटावर तुमच्या चढण्याच्या स्थानकाला गाडी तीन तासांहून जास्त उशिरा येत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळते. अट एकच, आणि नेमकी तीच लोक विसरतात: मागणी गाडी प्रत्यक्ष सुटण्याच्या आत करायची. ऑनलाइन तिकीट असेल तर आयआरसीटीसीवर टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरायचा, खिडकीवर काढलेले असेल तर ते खिडकीवर परत द्यायचे. चार तास वाट पाहून, शेवटी कंटाळून घरी गेल्यावर रात्री टीडीआर भरणारे कितीतरी आहेत. त्यांचे पैसे बुडतात. गाडी रद्द झाली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप येतात, खिडकीच्या तिकिटासाठी ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत तिकीट घेऊन जायचे. मार्ग बदलल्यामुळे प्रवास केला नसेल तर तेही भाडे मागता येते. वातानुकूलित डब्यातली यंत्रणा बंद पडली तर फरकाची रक्कम मिळते, पण टीसीकडून तसा दाखला तिथेच, प्रवासातच घ्यायला हवा. गाडी मध्येच संपवली आणि रेल्वेने पुढे नेण्याची सोय केली नाही तर पूर्ण प्रवासाचे भाडे मागा. सोय केली होती पण तुम्ही ती घेतली नाही, तर न झालेल्या अंतराचेच मिळेल. चाळीसगावला दुसरी गाडी पकडायची असेल तर दोन्ही तिकिटे एकमेकांना जोडून घ्या. पहिली उशिरा पोचल्याने दुसरी चुकली तर पोचल्यापासून तीन तासांत पुढच्या प्रवासाचे पैसे मागता येतात.

तक्रार करणे हा आपल्याकडे भांडकुदळपणा समजतात. तसा तो नाही. अजमेर-जम्मू गाडीचा एक प्रवासी ११ जून २०१६ ला जवळजवळ चार तास उशिरा जम्मूला पोचला, त्याचे श्रीनगरचे विमान चुकले आणि त्याने टॅक्सी केली. त्याने ग्राहक मंचात दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ६ सप्टेंबर २०२१ ला न्यायालयाने निकाल दिला की उशीर आपल्या आवाक्याबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने दाखवले पाहिजे. ते दाखवता आले नाही तर भरपाई द्यावी लागेल. त्या प्रवाशाला टॅक्सीचे पंधरा हजार मिळाले, शिवाय इतर रकमा. याचा आपल्याला धडा असा की पावत्या जपा. एसटीचे तिकीट, रिक्षाचे पैसे दिल्याची मोबाईलवरची नोंद, मुलाखतीचे पत्र, दवाखान्याची वेळ दिलेला संदेश. जळगावला आणि धुळ्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि ज्या सेवेसाठी पाच लाखांपर्यंत रक्कम दिली आहे तिथे शुल्क नाही.

माहिती न मिळणे हीसुद्धा स्वतंत्र तक्रार आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. रेल मदत या ॲपवर किंवा १३९ वर ‘गाडी उशिरा आली’ असे लिहू नका, त्याला ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे उत्तर येते. असे लिहा: ‘मी अमुक तारखेला अमुक स्थानकाच्या फलाट क्रमांक २ वर अमुक क्रमांकाच्या गाडीसाठी थांबलो होतो. ४.१० ते ६.३५ या वेळात एकही घोषणा झाली नाही. फलकावर गाडी वेळेवर असल्याचे दिसत होते. सोबत फलकाचा फोटो. या वेळात नियंत्रण कक्षाकडून स्थानकाला कोणती माहिती आली आणि ती प्रवाशांना का दिली गेली नाही, ते कळवावे.’ यात राग नाही, शिवी नाही, पण उत्तर द्यावे लागते. नाही आले तर हाच प्रश्न दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात विभागीय कार्यालयाला विचारा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. विभागीय स्तरावर प्रवाशांची सल्लागार समितीही असते. तुमच्या गावातून तिच्यावर कोण आहे ते शोधा आणि त्यांना दर बैठकीपूर्वी दोन ओळी लिहून द्या: ब्लॉक किंवा अपघाताच्या दिवशी लहान स्थानकांवर फक्त माहिती देण्यासाठी एक जादा माणूस हवा, आणि घोषणा दर वीस मिनिटांनी हवी, नवे काही सांगण्यासारखे नसले तरी. ‘अजून काही कळलेले नाही, वीस मिनिटांनी पुन्हा सांगतो’ एवढे ऐकले तरी माणूस बाकावर बसून राहतो, इकडेतिकडे पळत नाही. परधाड्याला त्या दुपारी डब्यातल्या माणसांना हेसुद्धा कोणी सांगू शकत नव्हते.

रोज जाणाऱ्यांचे व्हॉट्सॲपचे गट प्रत्येक स्थानकावर आहेत. ते रेल्वेपेक्षा लवकर बातमी देतात आणि कधीकधी रेल्वेपेक्षा लवकर अफवाही. गटात एक शिस्त घाला: जो स्वतः त्या गाडीत किंवा त्या फलाटावर आहे, त्यानेच लिहायचे, गाडीचा क्रमांक, जागा, वेळ आणि स्वतः पाहिलेले तेवढेच. ऐकलेले असेल तर ‘ऐकले’ असे आधी लिहायचे. आग, स्फोट, घातपात हे शब्द डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी टाकायचे नाहीत.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही, किंवा आहे पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शेवटची सूचना. आई-वडील, मावशी-काका एकटे निघाले की त्यांच्या पिशवीत जाड कागदावर मोठ्या अक्षरात गाडीचा क्रमांक, डबा, आसन, उतरायचे गाव, त्या गावाच्या अलीकडचे स्थानक, १३९ आणि घरचे दोन फोन क्रमांक लिहून ठेवा. कागदाच्या मागच्या बाजूला ठळक लिहा: गाडी मध्येच थांबली तर खाली उतरायचे नाही.